शब्द एक, फोडी तीन : लांब इंग्रजी शब्द उलगडणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

लांबलचक इंग्रजी शब्द टंकित केला की त्याचे सिलॅबल (एका स्वराभोवती एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा), त्यावरचा आघात (उच्चारातला जोर) आणि त्याचे अर्थपूर्ण घटक उलगडून दाखवणाऱ्या संगणकीय सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एक सेवा मी बराच काळ नियमितपणे वापरत आहे. मुद्रितशोधन आणि ध्वनिमुद्रणासाठी मजकूर तयार करून देणे या माझ्या दोन कामांत तिचा उपयोग होतो, आणि या दोन कामांच्या गरजा एकमेकींहून इतक्या भिन्न आहेत की अशा सेवेचे गुण आणि दोष दोन्ही लवकर उघडे पडतात. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण जे दोष नोंदवणार आहे ते तिच्या एकटीचे नसून या जातीच्या इतर सेवांतही कमीअधिक प्रमाणात आढळतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. आघाताची माहिती उत्तम आहे, घटकांची माहिती पारखून घ्यावी लागते, आणि सिलॅबल म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा सिलॅबल नसतेच.

सेवेची मांडणी साधी आहे. वर शब्द लिहिण्याची चौकट, तिच्याखाली ठसठशीत अक्षरांत उत्तराची एक ओळ, आणि त्याखाली मिटलेल्या अवस्थेत असलेले तीन स्वतंत्र कप्पे. उत्तराच्या ओळीत सिलॅबलच्या मध्ये ठिपके असतात, मुख्य आघाताचे सिलॅबल ठळक असते, आणि उपसर्ग, धातू व प्रत्यय यांच्याखाली निरनिराळ्या रंगांच्या रेघा ओढलेल्या असतात. उत्तर लगेच येते, जाहिरातींचा त्रास नाही, मोबाइलवरही ओळ तुटत नाही. प्रथमदर्शनी हे सारे फार सोयीचे वाटते, आणि अडचण नेमकी या सोयीतच आहे. ठिपका, ठळकपणा आणि रंगीत रेघ या तीन खुणा तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, मात्र एकाच ओळीत बसवल्यामुळे त्या एकाच प्रश्नाचे उत्तर देत आहेत असा समज होतो.

‘एक्स्ट्रॉर्डिनरी’ हा शब्द घालून पाहिला की हे लगेच लक्षात येते. याचे अर्थघटक सरळ आहेत : ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेरचे, आणि ‘ऑर्डिनरी’ म्हणजे नेहमीच्या क्रमातले. तेव्हा अर्थाच्या दृष्टीने शब्दाचा सांधा स्पेलिंगमधल्या ए आणि ओ या दोन स्वरांच्या मध्ये आहे. उच्चारात मात्र हे दोन स्वर बहुतेकांच्या तोंडी एक होऊन जातात आणि ‘स्ट्रॉ’ असा एकसंध ध्वनिगट ऐकू येतो, म्हणजे अर्थाचा सांधा एका सिलॅबलच्या पोटात गडप झालेला असतो. शिवाय हेच सिलॅबल शब्दातले सर्वांत जोरकस आहे. छपाईत ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायचा झाल्यास पहिला तुकडा एक्स या अक्षरानंतर पाडतात. परंतु एक्स या एका अक्षरात ‘क्’ आणि ‘स’ असे दोन ध्वनी असल्यामुळे बोलताना सिलॅबलची सीमा त्या अक्षराच्या आतूनही जाऊ शकते. ब्रिटिश वक्ता हा शब्द अनेकदा चार सिलॅबलमध्ये उरकतो, अमेरिकी वक्ता साधारणपणे पाच घेतो, आणि ‘एक्स्ट्रा’ सुटे उच्चारणारा सहापर्यंत जातो. सेवेच्या मुख्य ओळीत ट्रा आणि ऑर यांच्यामधून रंग बदलतो, पण ठिपका तेथे नसतो. या विसंगतीचे स्पष्टीकरण कोठेही दिलेले नाही, आणि नवशिक्या वाचकाला हा तांत्रिक दोष वाटला तर त्याला बोल लावता येणार नाही. खरे तर या शब्दापुरती सेवा तिन्ही बाबतींत बरोबर आहे. फक्त तीन बरोबर गोष्टी एकावर एक रचल्यामुळे चित्र चुकीचे दिसते.

आता आघाताविषयी, कारण सेवेचे खरे सामर्थ्य तेथे आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्द बदलत नाही आणि आपण प्रत्येक स्वर जवळजवळ पूर्ण उच्चारतो. देवनागरीत ‘फोटोग्राफी’ लिहिले की चारही स्वर सारख्या मानाने समोर उभे राहतात. इंग्रजीत आघाताचे सिलॅबल नुसते मोठ्याने म्हटलेले नसते. ते लांबते, त्यावर सुराची चढउतार होते, त्यातला स्वर स्वच्छ राहतो, आणि त्याच्या शेजारचे स्वर आक्रसून एका पुसट ‘अ’कारात विरघळतात. त्यामुळे ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या सिलॅबलवर जोर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर जोर जातो तेव्हा शब्दातला जवळजवळ प्रत्येक स्वर आपला रंग बदलतो. कानाला ‘फ-टॉ-ग्र-फी’ असे काहीसे ऐकू येते आणि डोळ्यांसमोर मात्र ‘फोटोग्राफी’ असते.

सेवेच्या आघाताच्या कप्प्यात ही हालचाल एका शब्दापुरती न दाखवता शब्दांच्या कुळाची एक शिडी मांडलेली असते, आणि हा भाग मला सर्वांत आवडला. ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी’ हा एकोणीस अक्षरांचा शब्द घ्या. शिडीच्या तळाशी ‘कॉम्प्रिहेन्ड’ आहे, तीन सिलॅबलचा, मुख्य आघात शेवटच्या ‘हेन्ड’वर. त्याच्यावर ‘कॉम्प्रिहेन्शन’, प्रत्यय लागला तरी आघात ‘हेन्’वरच. त्याच्यावर ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबल’, आरंभी ‘इन’ लागला, शेवटी ‘इबल’ लागला, तरीही ‘हेन्’ आपली जागा सोडत नाही. आणि मग सर्वांत वरच्या पायरीवर, ‘इटी’ हा प्रत्यय लागताक्षणी मुख्य आघात ‘बि’वर उडी घेतो आणि ‘हेन्’कडे दुय्यम आघात उरतो. आठ सिलॅबलच्या या शब्दात ‘इन-कॉम-प्रि-हेन्-सि-बि-लि-टी’ यांपैकी ‘कॉम’ आणि ‘हेन्’ दुय्यम, ‘बि’ मुख्य, आणि उरलेली पाच दुर्बळ असा तोल साधलेला असतो.

या उडीत एक गंमत आहे. खालच्या पायरीवर ‘सिबल’ म्हणताना ब आणि ल यांच्यामध्ये स्वर असा जवळपास नसतोच. ते शब्दातले सर्वांत मरगळलेले टोक असते. वरच्या पायरीवर त्याच जागी खणखणीत ‘बि’ अवतरतो आणि शब्दातले सर्वांत बलवान सिलॅबल होतो. ‘पॉसिबल’ आणि ‘पॉसिबिलिटी’, ‘रिस्पॉन्सिबल’ आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या जोड्यांतही हेच घडते. ज्याला खालचा शब्द येतो त्याला वरचा सहज म्हणता येईल ही आपली अपेक्षा येथे फसते, आणि म्हणून सुटा शब्द दाखवण्यापेक्षा कूळ दाखवणे हे शिकवण्याच्या दृष्टीने फार उपकारक आहे. एखादा निवेदक असा शब्द वाचताना अडखळला तर मी आता त्याला उच्चार सांगत बसत नाही, ही शिडी उघडून देतो.

शिडीच्या शेजारी प्रत्ययांची एक पट्टी आहे. ‘इटी’, ‘इक’, ‘शन’, ‘लॉजी’ यांसारखे प्रत्यय आघाताला आपल्या जवळ ओढतात, तर ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’, ‘ली’, ‘मेंट’ हे प्रत्यय शब्दाच्या आघाताला हात न लावता मुकाट्याने मागे येऊन बसतात, आणि ‘एम्प्लॉयी’, ‘इंजिनीअर’, ‘जॅपनीज’ यांच्या शेवटी असलेले प्रत्यय आघात स्वतःवरच घेतात, अशी तीन गटांची विभागणी तेथे केली आहे. ही विभागणी बरोबर आहे आणि उपयोगी आहे. ‘इक’च्या आधीच्या सिलॅबलवर आघात हा नियम सांगताना ‘अरेबिक’, ‘कॅथलिक’, ‘पॉलिटिक्स’, ‘लूनॅटिक’ हे नियम मोडणारे शब्दही तेथेच दिले आहेत, हे विशेष. अपवाद लपवून नियम विकण्याचा मोह या सेवेने टाळला आहे.

एक उणीव मात्र आघाताच्या कप्प्यातही आहे. ‘अरिथ्मेटिक’ हे नाम असताना आघात दुसऱ्या सिलॅबलवर असतो आणि विशेषण असताना तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ आणि ‘परमिट’सारख्या छोट्या शब्दांतही नाम आणि क्रियापद यांचा आघात वेगळा असतो. सेवा शब्दाची जात विचारत नाही आणि एकच उत्तर देते. त्याचप्रमाणे ‘काँट्रव्हर्सी’, ‘लॅबोरेटरी’ आणि ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’ या शब्दांचे ब्रिटिश आणि अमेरिकी आघात जुळत नाहीत. शेवटच्या शब्दात ब्रिटिश वक्ता ‘व्हर’वर जोर देतो आणि ‘टाइज’चे ‘टिस’ करतो, अमेरिकी वक्ता ‘टाइज’ तसाच ठेवून त्यावर जोर देतो. सेवा येथे फक्त अमेरिकी उच्चार देते. एकच देण्यास माझी हरकत नाही, पण तो कोणत्या देशातला आहे हे उत्तराच्या ओळीशेजारी लिहायला हवे होते. सध्या ते सेटिंगच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे.

आघात दाखवण्याच्या खुणेबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत मुख्य आघाताची उभी रेघ सिलॅबलच्या आधी वर आणि दुय्यम आघाताची रेघ आधी खाली लावतात. काही अमेरिकी कोशांत मात्र खूण सिलॅबलच्या नंतर येते. सेवेत ध्वनिलिपीची ओळ पहिल्या पद्धतीने आणि सोप्या स्पेलिंगची ओळ दुसऱ्या पद्धतीने छापलेली आहे, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक आहेत. सवयीच्या माणसाला काही वाटणार नाही. नव्या माणसाला एकाच शब्दाचा आघात दोन जागी दिसेल.

आता ठिपक्यांकडे वळतो, आणि येथे मला थोडे कठोर व्हावे लागेल. उत्तराच्या ओळीतल्या ठिपक्यांना सेवा सिलॅबलच्या सीमा म्हणते. प्रत्यक्षात हे ठिपके म्हणजे छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याच्या जागा आहेत. इंग्रजी कोशांतल्या शब्दांमध्ये दिसणारे ठिपके पुष्कळदा याच हेतूने छापलेले असतात. मेरियम-वेबस्टरच्या कोशकारांनी तर हे ठिपके ओळ तोडण्यासाठी आहेत आणि उच्चारातल्या सिलॅबलशी ते जुळतीलच असे नाही, हे स्वतःच स्पष्ट करून सांगितलेले आहे. या दोन गोष्टींत फरक का पडतो हे मुद्रणालयात काम केलेल्या माणसाला चटकन समजते. ओळीच्या शेवटी एकच अक्षर लोंबकळत ठेवणे वाईट दिसते, म्हणून तेथे तोड देत नाहीत. परिणामी ‘इव्हेंट’ हा दोन सिलॅबलचा शब्द सेवेत एकही ठिपका न घेता अखंड येतो, आणि खाली सिलॅबलची संख्या म्हणून एक हा आकडा येतो. हा आकडा सरळसरळ चुकीचा आहे.

यामागचे कारण माझ्या तर्कानुसार असे आहे. 1983 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँकलिन लियांग यांनी डॉनल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी शब्द तोडण्याची एक सुरेख पद्धत तयार केली. अख्खा कोश संगणकात भरण्याऐवजी अक्षरांच्या छोट्या जुळण्यांचे 4447 नमुने त्यांनी काढले, आणि त्या नमुन्यांच्या आधारे खिशातल्या कोशाच्या शब्दयादीतल्या सुमारे 89 टक्के तोडजागा जवळपास एकही चूक न होता सापडत. ही पद्धत आजही अनेक ठिकाणी वापरात आहे, आणि ज्या कामासाठी ती घडवली त्या कामाला ती उत्तम आहे. छपाईत एखादी तोडजागा हुकली तर काही बिघडत नाही, पण चुकीच्या जागी तोड पडली तर वाचक दचकतो. म्हणून हुकले तरी चालेल, चुकता कामा नये असा तिचा स्वभाव आहे. शिवाय टेकमध्ये इंग्रजीसाठी शब्दाच्या सुरुवातीची दोन आणि शेवटची तीन अक्षरे न तोडण्याचा संकेत असतो. सिलॅबल मोजण्याच्या कामात हा स्वभाव उलटतो, कारण तेथे प्रत्येक हुकलेली सीमा ही चूकच असते.

‘अनकॅरॅक्टरिस्टिकली’ हा वीस अक्षरांचा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्पेलिंगप्रमाणे मोजले तर आठ सिलॅबल भरतात. सेवा शेवटचे ‘ली’ तोडत नाही, ‘कॅली’ एकत्रच ठेवते, आणि सात असा आकडा देते. गंमत अशी की बोलताना हा शब्द खरोखरच सात सिलॅबलचा होतो, कारण ‘इकली’मधला ए हा स्वर उच्चारात गळतो आणि ‘टिक-ली’ एवढेच उरते. म्हणजे आकडा बरोबर आला, पण जो स्वर उच्चारात नाही तो सेवेने धरला आणि जी सीमा उच्चारात आहे ती सोडली. दोन चुकांची वजाबाकी होऊन उत्तर जुळले. अशा जुळलेल्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढच्या शब्दाकडे जाणारा माणूस ‘कम्फर्टेबल’ आणि ‘व्हेजिटेबल’ यांना चार-चार सिलॅबल देतो, जेव्हा बहुतेक वक्ते ते तीन-तीनमध्ये म्हणतात.

नुसती संख्या बरोबर काढणे फारसे अवघड नाही, हे येथे सांगायला हवे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या खुल्या उच्चारकोशात 1,34,000 हून अधिक शब्दांचे उच्चार आहेत आणि त्यातल्या प्रत्येक स्वरापुढे 0, 1 किंवा 2 असा अंक आहे : शून्य म्हणजे आघात नाही, एक म्हणजे मुख्य, दोन म्हणजे दुय्यम. अंक मोजले की सिलॅबलची संख्या मिळते. पण त्या कोशात सिलॅबलच्या सीमा दिलेल्या नाहीत, आणि तसे करण्यामागे शहाणपण आहे. सिलॅबल किती याबद्दल वक्त्यांत बरेच एकमत असते. एक सिलॅबल कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते याबद्दल ध्वनिशास्त्रज्ञांतही नसते. इंग्रजी शब्दाच्या आरंभी चालू शकतील तितकी व्यंजने पुढच्या सिलॅबलला द्यावीत असा एक प्रचलित विचार आहे. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी 1990 साली प्रसिद्ध झालेल्या लाँगमनच्या उच्चारकोशात वेगळा मार्ग घेतला आणि दोन्ही बाजूंपैकी ज्या सिलॅबलवर अधिक जोर असेल त्याच्या पदरात व्यंजने टाकली. दोन्ही पद्धतींना आपापले पुरावे आहेत. सेवेने कोणती पाळली हे ती सांगत नाही, कारण तिने बहुधा यांपैकी कोणतीच पाळलेली नाही.

छपाईच्या तोडजागांबाबतही एकच एक उत्तर नसते. अमेरिकी परंपरा उच्चाराला अनुसरते, तर जुनी ब्रिटिश परंपरा शब्दाच्या व्युत्पत्तीला. ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकी जुळारी एल या अक्षरानंतर तोडतो, ब्रिटिश जुळारी डब्ल्यूनंतर, म्हणजे ‘नो’ हा मूळ शब्द अख्खा राखून. ‘डेमॉक्रसी’ अमेरिकी पद्धतीने सी या अक्षरानंतर तुटते, ब्रिटिश पद्धतीने त्याआधीच्या ओनंतर, म्हणजे लोक आणि सत्ता हे दोन ग्रीक घटक सुटे ठेवून. या दुसऱ्या पद्धतीत ठिपका आणि रंगीत रेघ निदान काही शब्दांत एका जागी येतात. सेवेत ब्रिटिश तोड निवडण्याची सोय असती, तर मुद्रितशोधकांचे निम्मे काम हलके झाले असते.

घटकांच्या कप्प्याचे काय करावे हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. सरळ शब्दांत तो मोहक आहे. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ हा पंचेचाळीस अक्षरांचा शब्द घातला की फुप्फुस, पलीकडचे, सूक्ष्म, पाहणे, सिलिका, ज्वालामुखी, धूळ आणि विकृत अवस्था असे घटक रंगीत पट्ट्यांत ओळीने उभे राहतात, आणि अत्यंत बारीक सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार हा अर्थ आपसूक उलगडतो. हा शब्द 1935 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय कोडेकार संघाच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब व्हावा म्हणून जुळवला होता, त्यामुळे तो इतका नीट सुटतो यात नवल नाही. जुळवलेले यंत्र सुटे करणे सोपेच असते. सेवेने ही माहिती दिलेली नाही. ती दिली असती तर हा शब्द वैद्यकीय ज्ञानाचा पुरावा म्हणून पाठ करणाऱ्यांचे थोडे श्रम वाचले असते.

जे शब्द कोणी जुळवले नाहीत, शतकानुशतके वापरात झिजत आले, त्यांच्यापाशी हा कप्पा घसरतो. ‘युनॅनिमस’ या शब्दाच्या आरंभी सेवेला यू-एन ही दोन अक्षरे दिसली आणि तिने खाली ‘नाही’ असा अर्थ छापला होता. वस्तुतः येथे लॅटिन ‘युनुस’ म्हणजे एक आणि ‘अ‍ॅनिमुस’ म्हणजे मन आहे, त्यामुळे एकमताचा अर्थ असलेला शब्द सेवेच्या लेखी नकाराचा झाला होता. ‘अँटिसिपेट’मध्ये तिला ‘विरुद्ध’ दिसतो, तर तेथे खरा घटक लॅटिन ‘आंते’ म्हणजे आधी हा आहे. ‘मिसलेनियस’मध्ये ती ‘चुकीचे’ शोधते, जेव्हा मूळ धातूचा अर्थ मिसळणे हा आहे. हे उघडच अक्षरे जुळवून काढलेले निष्कर्ष आहेत. उपसर्गाची यादी समोर ठेवायची, शब्दाचा आरंभ तिच्याशी ताडून पाहायचा, जुळला की रंग द्यायचा. उच्चाराकडे पाहिले असते तरी यातल्या पहिल्या चुकीचा संशय आला असता, कारण नकारार्थी उपसर्गाचा उच्चार ‘अन’ असतो आणि येथे ‘यु’ आहे.

‘इन्फ्लेमेबल’ या शब्दाबाबतची चूक याहून गंभीर मानावी लागेल. ‘इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी’मधला ‘इन’ नकाराचा आहे, पण ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ पेट घेण्याच्या क्रियेला जोर देणारा आहे. शब्दाचा अर्थ सहज पेट घेणारे असा होतो. नकाराचा ‘इन’ समजून लोकांनी उलट अर्थ घेऊ नये म्हणून विसाव्या शतकात धोक्याच्या सूचनांवर ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द रूढ करण्यात आला. सेवा दोन्ही शब्दांतल्या ‘इन’खाली एकाच रंगाची रेघ ओढते आणि एकच अर्थ लिहिते. शब्दाचे तुकडे पाडून अर्थ शिकवू पाहणाऱ्या सेवेने निदान या शब्दाची तरी हाताने तपासणी करायला हवी होती.

घटक बरोबर असतात तेव्हाही ते आणि सिलॅबल एकमेकांच्या हद्दी पाळत नाहीत, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चचे राज्याशी असलेले अधिकृत नाते तोडण्याला जो विरोध होता, त्याच्याशी हा शब्द निगडित आहे; त्या काळात हा विषय केवळ शब्दांचा नव्हता, 1869 च्या कायद्याने आयर्लंडमधल्या चर्चचे असे नाते प्रत्यक्षात तोडण्यात आले होते. घटक पाहिले तर ‘अँटि’, ‘डिस’, ‘एस्टॅब्लिश’, ‘मेंट’, ‘एरियन’, ‘इझम’. मुख्य आघात ‘टेर’ या सिलॅबलवर पडतो. आता हे ‘टेर’ कोणत्या घटकाचे? त्यातला ‘ट’ हा ‘मेंट’चे शेपूट आहे आणि उरलेला भाग ‘एरियन’चे डोके. शब्दातले सर्वांत बलवान सिलॅबल अर्थाच्या दृष्टीने कोणाचेच नाही, दोन प्रत्ययांच्या शिवणीवर ते बसलेले आहे. सेवेच्या मुख्य ओळीत हे ठळक सिलॅबल अर्धे एका रंगात आणि अर्धे दुसऱ्या रंगात येते. खालचे कप्पे स्वतंत्रपणे उघडले की हाच शब्द दोन वेळा, दोन निरनिराळ्या जागी कापलेला, नीट समजतो. याच शब्दाच्या शेवटी ‘इझम’चे लिखित स्वर एकच, पण बोलताना झ आणि म यांच्यामध्ये आणखी एक पुसट सिलॅबल येते, ते धरले तर बारा, न धरले तर अकरा. सेवेची ओळ अकरा म्हणते, तिचाच आवाज बारा म्हणतो.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो यांत्रिक असूनही चांगला आहे. मुख्य आघात स्पष्ट ऐकू येतो आणि पुसट स्वर खरोखरच पुसट येतात. हळू म्हणण्याची सोय मात्र वापरू नये, कारण तिथे प्रत्येक सिलॅबल सुटे करून पूर्ण स्वरासह म्हटले जाते, आणि त्या गतीत आघाताचा पत्ता लागत नाही. सराव करायचाच असेल तर शब्द शेवटाकडून जोडत न्यावा : आधी ‘बि-लि-टी’, मग ‘सि-बि-लि-टी’, मग ‘हेन्-सि-बि-लि-टी’, म्हणजे मुख्य आघात पहिल्यापासून आपल्या जागी राहतो आणि पुढचे तुकडे त्याला येऊन मिळतात. सेवेत ही सोय नाही. ध्वनिफीत उतरवून घेता येते, त्यामुळे ती आपली आपण करता येते.

ज्यांना मोठ्याने वाचायचे आहे, शिकवायचे आहे किंवा निवेदन करायचे आहे त्यांनी ही सेवा अवश्य वापरावी, मात्र पान उघडताच वरची ओळ मिटवून आघाताचा कप्पा उघडावा. सेटिंगमध्ये तशी कायमची निवड करता येते. ज्यांना छापील मजकुराच्या ओळी तोडायच्या आहेत त्यांना अमेरिकी मजकुरापुरते हे ठिपके विश्वासार्ह आहेत, ब्रिटिश मजकुरासाठी नाहीत. कविता किंवा गीत लिहिताना सिलॅबल मोजणाऱ्यांनी तिच्या आकड्यावर विसंबू नये आणि ध्वनिलिपीच्या ओळीतले स्वर स्वतः मोजावेत, आणि घटकांचे अर्थ कोणत्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशाशी ताडून मगच वहीत उतरवावेत. चुका कळवण्यासाठी प्रत्येक उत्तराखाली एक दुवा आहे. मी कळवल्यानंतर ‘युनॅनिमस’खालचा अर्थ काही काळाने दुरुस्त झाला; त्याच मूळ शब्दापासून झालेल्या ‘युनॅनिमिटी’खाली अजून ‘नाही’ असेच लिहिलेले आहे.